अकरा सह्यांचे कारखानीस

मनोहर कारखानीस कोणताही पूल आधी खालून पाहत आणि मगच वरून ओलांडत. हा नियम त्यांनी माझ्यादेखत एकदाही मोडला नाही. सिंगापूरच्या वुडलँड्सला बसथांब्यावरून समोरच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी प्यायला जायचे असले, तरी पादचारी पुलाच्या जिन्याशी ते थांबत, मान मागे टाकून पुलाच्या पोटाकडे पाहत, पाण्याचे ओघळ कुठून कुठे गेले आहेत ते बोटाने हवेत रेखत, आणि मग "चला आपटे, हरकत नाही," असे म्हणून पहिली पायरी चढत. तिथे झाडलोट करणाऱ्या एका वृद्ध चिनी गृहस्थाने त्यांना एकदा हटकले होते, "अंकल, एव्हरी डे लुक अप, लुक व्हॉट? गॉट बर्ड नेस्ट आह?" कारखानिसांनी तितक्याच गंभीरपणे त्याला खांबाच्या माथ्यावरचे बेअरिंग दाखवले, पुलाचा सारा भार त्या एवढ्याशा गादीवर कसा टेकतो ते हातवारे करून समजावले. पुढच्या आठवड्यापासून तो गृहस्थही झाडू टेकवून वर पाहू लागला.

हे मी प्रथम लिहितो, कारण गेल्या वर्षी त्यांच्या शोकसभेत जे बोलले गेले त्यात यातले काहीही नव्हते. एका वक्त्याने त्यांना 'कॅनडा कधीही न पाहिलेला कॅनडाचा वेडा' म्हटले आणि सभागृह हळहळले. दुसऱ्याने सांगितले की शेवटच्या काही वर्षांत त्यांना भ्रम झाला होता. तिसऱ्या बाईंनी त्यांना 'मऊ मनाचे स्वप्नाळू आजोबा' करून टाकले. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सभेत मृताविषयी वाद घालू नये एवढे मला कळते, म्हणून गप्प राहिलो. लिहिताना मात्र मला तशी अडचण नाही. कारखानीस मऊ नव्हते, स्वप्नाळू नव्हते, भ्रमिष्ट तर नव्हतेच. आणि कॅनडाला ते दोनदा गेले होते.

ते मिरजेचे, मी पुण्याचा. सेम्बावांगच्या एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत आम्ही एकाच सुमारास लागलो आणि तिथेच आमचे केस पिकले. आमचे काम रंगाच्या तपासणीचे. ऐकणाऱ्याला ते हलके वाटते. आमच्या सोसायटीतले एक बँकवाले गृहस्थ मला बरीच वर्षे घरे रंगवणारा ठेकेदार समजत होते. जहाजाच्या पोलादावर रंगाचे किती थर बसले, किती जाड बसले, कुठे बुडबुडा राहिला, कुठे खालचा गंज नीट न घासताच वर रंग फासला, हे शोधायचे आणि मग कागदावर सही करायची, असा तो धंदा. कारखानीस नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगत, "रंग म्हणजे तोंडाला लावायची पावडर नव्हे रे. रंग म्हणजे कातडी. ती फाटली की आतलं मांस समुद्र खातो." आणि दुसरे वाक्य ठरलेले: "डोळ्यांनी पाहिलं तर सही. कानांनी पाहिलं तर नमस्कार."

कॅनडाचे प्रकरण सुरू झाले ते एका जहाजमालकाने त्यांना तीन आठवड्यांसाठी हॅलिफॅक्सला बोलावून घेतले तेव्हा. महिना फेब्रुवारीचा. दिवसभर जहाजाच्या पोटात आणि संध्याकाळी हॉटेलात, असे तीन आठवडे काढून दुसरा कोणी परत आला असता. कारखानीस रोज सकाळी तासभर लवकर उठून बंदरावरच्या दोन झुलत्या पुलांच्या खाली जाऊन उभे राहत. तिथे त्यांनी पहिल्यांदा पाहिले की बर्फ वितळावा म्हणून माणसे गाड्या भरभरून मीठ रस्त्यांवर आणि पुलांवर ओततात. ज्या माणसाने सारे आयुष्य पोलादाला मिठापासून वाचवण्यात घालवले, त्याला ते दृश्य सहन होईना आणि सोडवतही नाही असे झाले. परत आल्यावर माझ्या घरी चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "आपटे, आपल्याकडे समुद्र चोरासारखा येतो. तिथे लोक स्वतः मीठ टाकून आपले पूल समुद्राच्या हवाली करतात. दुसरा इलाजच नाही त्यांना. टाकलं नाही तर माणसं मरतात, टाकलं तर पूल मरतो. रोज सकाळी हा हिशोब करून तो देश कामाला निघतो!"

माझी पत्नी म्हणाली, "भावोजी, चहा निवला."

"निवू द्या वहिनी. तिथे मी तो गोठलेला पाहिलाय."

त्या दिवसापासून त्यांनी एक जाडजूड वही घातली. पानागणिक एक पूल. वर नाव, नदी आणि महामार्ग. मग पूल कोणत्या जातीचा, सांधे कसे, बेअरिंग कसले, पोलाद रंगवलेले की नुसते गंजू देऊन टिकणारे, मीठ किती पडते. माहिती ते कुठूनही आणत: सरकारी अहवाल, रस्त्यांची छायाचित्रे, तिकडच्या निवृत्त अभियंत्यांशी वर्षानुवर्षे चाललेला पत्रव्यवहार. पण पानाच्या तळाशी एक रेघ असे आणि तिच्यावर सही असे ती फक्त स्वतः खाली उभे राहून पाहिलेल्या पुलाच्या पानावर. वहीत तीनशेंहून अधिक पूल होते. सह्या अकरा. 'कॅनडा कधीही न पाहिलेला' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि त्याच्या उलट बोलणाऱ्यांनीही ठेवावा. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

रविवारी आम्ही वुडलँड्सच्या किनाऱ्यावर फिरायला जात असू. समोर मलेशियातल्या जोहोरला जाणारा कॉजवे आणि त्यावर मुंग्यांसारखी रांगलेली वाहने. कोणी पाहुण्याने त्याला पूल म्हटले की कारखानीस तिथल्या तिथे दुरुस्ती करत, "पूल नव्हे, भराव. पाण्याला वाट दिली नाही तर त्याला पूल म्हणू नये." मग बाकावर बसून त्यांचा तोंडी प्रवास सुरू होई. अटलांटिकच्या काठावरून निघायचे आणि ट्रान्स-कॅनडा महामार्गाने पॅसिफिकपर्यंत जायचे. एका रविवारी एक टप्पा. मॉन्ट्रियलच्या जुन्या पुलापाशी आले की उसासा टाकत: "माझ्यापेक्षा धाकटा पूल, आपटे, आणि माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. मीठ!" बँफजवळ महामार्गावरून हरणा-अस्वलांसाठी बांधलेले झाडीचे पूल आले की खुलत: "अस्वल सही मागत नाही, पण चार-पाच वर्षं बघून बघून मगच पाय ठेवतं म्हणतात. खरा तपासनीस!" सगळ्यांत आवडता टप्पा महामार्ग सोडून उत्तरेकडचा. तिथे मोठ्या नद्यांवर पूलच नाही. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता, उन्हाळ्यात तराफा, आणि मधल्या काही आठवड्यांत दोन्ही नाही. "मग काय करतात?" मी विचारले होते. "थांबतात," ते म्हणाले. "थांबणं हासुद्धा रस्त्याचाच भाग आहे, हे ज्याला कळत नाही त्यानं गाडी चालवू नये."

आता गोदीतल्या त्या प्रसंगाविषयी. आमच्या इथल्या मराठी मंडळात त्याच्या दोन-तीन आवृत्त्या फिरतात आणि एकही खरी नाही. कारखानिसांनी साहेबाला शिवी दिली नव्हती. त्यांनी राजीनामाही फेकला नव्हता. झाले ते असे. जहाजाचा तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरतात त्या तळाच्या आठ टाक्या नव्याने रंगवून झाल्या होत्या. सात कारखानिसांनी आत सरपटत जाऊन तपासल्या. ते जेवून परत येईपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी आठवीचे झाकण बोल्ट आवळून बंद केले होते. उघडायचे तर पुन्हा हवा खेळवायची, पुन्हा परवाना घ्यायचा. दिवस गेला असता आणि जहाजाला गोदीबाहेर पडायची समुद्राची भरती चुकली असती. साहेब म्हणाले, "सात उत्तम आहेत ना? आठवीही त्याच रंगाऱ्यांनी केली. करा सही." कारखानीस म्हणाले, "सातांवर केलीय. आठवी मी पाहिलेली नाही." आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवला, पेनाला टोपण लावले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आठव्या टाकीवर सही मी केली. माझ्याकडेही तपासनिसाचे तेच प्रमाणपत्र होते.

ती का केली हे सांगण्याचा मला अधिकार आहे. रंगारी भरवशाचे होते. सात टाक्यांत खोट नव्हती. शंभर माणसांचे काम एका झाकणापायी अडले होते. आणि ते जहाज बुडाले नाही, कोणाला इजा झाली नाही. काही वर्षांनी ते पुन्हा आमच्याकडेच दुरुस्तीला आले तेव्हा मी मुद्दाम ती टाकी उघडवून आत गेलो. रंग शाबूत होता. मधल्या काळात कारखानिसांची बदली गोदामात झाली होती. रंगाचे डबे मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे. खात्याचा प्रमुख मी झालो. ती जागा त्यांची होती, हे मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. त्या दिवशी मी गोदामात गेलो आणि विजयी स्वरात सांगितले, "कारखानीस, आठवी टाकी बघून आलो. नव्यासारखी आहे."

त्यांनी हातातली यादी खाली ठेवली. "असणारच. रंगारी चांगले होते."

"मग?"

"मग काही नाही, आपटे. त्या दिवशी तुम्हाला ते माहीत नव्हतं, एवढंच."

त्यानंतरच्या रविवारी ते नेहमीसारखे चहाला आले. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही आणि मला वाटत राहिले की तो मिटला. त्यांनी माझ्याशी भांडायला हवे होते. भांडले असते तर मी वाद घातला असता, आणि वादात मी सहसा हरत नाही.

दुसऱ्या कॅनडावारीबद्दल तर त्यांच्या घरच्यांनीच गैरसमज पसरवला आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते टोरोंटोजवळ राहणाऱ्या पुतण्याकडे महिनाभरासाठी गेले. पुतण्या सज्जन. त्याने काकांना मॉल दाखवले, देऊळ दाखवले, नायगारा दाखवला, ओळखीच्या बारा घरी जेवायला नेले. काकांनी मागितले होते एकच: निपिगॉनचा पूल. उत्तर ओंटारिओत, सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला, देशाचा पूर्व भाग आणि पश्चिम भाग यांना जोडणारा सारा रस्ता त्या एकाच पुलावरून जातो. दुसरी वाट नाही. तिथला नवा पूल रहदारीला खुला होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा कडाक्याच्या थंडीत त्याचे एक टोक जागचे वर उचलले गेले होते आणि काही काळ एवढ्या मोठ्या देशाचे दोन तुकडे झाले होते. पुढे तो दुरुस्त झाला, पुराही झाला. ज्याने हे वाचून रात्रीची झोप घालवली होती त्याला तो पूल खालून पाहायचा होता. पुतण्या म्हणाला, "काका, दोन दिवस ड्राइव्ह करून जायचं आणि तिथे आहे काय? एक पूल!"

कारखानिसांनी दुसऱ्या सकाळी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: निपिगॉनला पूल पाहायला जातो, बस अमुक वाजता, परतीची अमुक वाजता, चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी, काळजी नसावी. आणि वीस-बावीस तासांच्या बसप्रवासाला एकटेच निघाले. चौथ्या दिवशी, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, परत आले. तोवर पुतण्याने सिंगापूरला फोन करून केतकीला, म्हणजे कारखानिसांच्या एकुलत्या एक मुलीला, रडवले होते, 'काका हरवले' म्हणून. चिठ्ठी त्याला मिळाली होती. त्याने ती वाचलीही होती. त्याचे म्हणणे असे की एक पूल बघायला शहाणा माणूस चार दिवस घालवत नाही, तेव्हा चिठ्ठी हाच वेडाचा पुरावा! इथे परतल्यावर केतकीने त्यांना डॉक्टरकडे नेले, त्यांचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला, आणि एकटे दूर जायला बंदी झाली. डॉक्टरांनी त्यांना आजची तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. ते म्हणाले, "दोनपर्यंत आणून दिलं मी त्यांना, आपटे. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या दवाखान्यासमोरच्या उड्डाणपुलाला किती खांब आहेत? रोज येता ना? नाही सांगता आलं. पण भ्रम मला!"

मी हसलो. केतकीशी बोललो मात्र नाही. दुसऱ्याच्या घरात पडू नये, असे मी स्वतःला सांगितले.

निपिगॉनच्या पानावर त्यांनी सही केली ती माझ्यासमोर, त्या किनाऱ्यावरच्या बाकावर. तीन मिनिटे लागली असतील. "खाली बर्फाच्या कडेला उभा होतो," ते म्हणाले. "वरून एक मोठा ट्रक गेला. सगळा देश माझ्या डोक्यावरून गेला असं वाटलं." एवढे म्हणून त्यांनी वही मिटली. पुढे चार-पाच वर्षे ते हळूहळू खचत गेले, हृदयाने, डोक्याने नव्हे, आणि गेल्या वर्षी चौऱ्याहत्तराव्या वर्षी इस्पितळातच वारले. शेवटच्या भेटीत त्यांनी मला काही सांगितले का, असे मला बरेच जण विचारतात. नाही सांगितले. ते झोपले होते. मी अर्धा तास बसलो आणि परत आलो.

वर्षश्राद्धाच्या निमित्ताने मंडळाने त्यांच्यावर स्मरणपुस्तिका काढायचे ठरवले. मंडळाचे चिटणीस सलील देव, चाळिशीचे बँक अधिकारी, उत्साही. केतकीने वही त्यांच्या हवाली केली. मला पुस्तिका प्रकाशनाच्या तीन आठवडे आधी मिळाली. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर एका पुलाचे रंगीत छायाचित्र, खाली कारखानिसांची नोंद सुबक टंकात, आणि त्याखाली, प्रत्येक पानावर, निळ्या शाईत त्यांची सही. वहीतले निवडक शंभर पूल. शंभर सह्या. मॉन्ट्रियलच्या पुलावर सही, व्हँकुव्हरच्या पुलावर सही, उत्तरेच्या नदीवर जिथे पूलच नाही त्या पानावरही सही.

मी थेट हार्बरफ्रंटला गेलो. केतकी तिथे एका जहाजकंपनीच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. पुस्तिका टेबलावर ठेवून मी म्हटले, "हे काय आहे?"

"काय झालं काका? प्रिंटिंग खराब आहे का?"

"तुझ्या बाबांनी न पाहिलेल्या पुलावर कधी सही केली नाही."

"अहो, ते डिझाइन आहे. काही पानांवर सही होती, काहींवर नव्हती, ते अनइव्हन दिसत होतं. डिझायनरनं मूळ पानावरची एक छान सही घेतली आणि सगळीकडे टाकली." मग तिचा आवाज बदलला. "आणि खरं सांगू? मला आवडलं ते. बाबांचा पासपोर्ट मी ठेवून घेतला होता, काका. मी. त्यांना सगळे पूल बघायचे होते. निदान कागदावर तरी बघू देत ना."

याला उत्तर देणे सोपे नव्हते. तरी मी दिले. "कागदावर पाहणं याला तुझ्या बाबांच्या भाषेत खोटं म्हणत असत. मूळ वही दे. त्यातल्या अकरा सह्या मी दाखवतो."

"वही नाही." ती टेबलाकडे पाहत म्हणाली. "स्कॅन करायला बाइंडिंग कापावं लागलं. नंतर सुटी पानं उरली. आम्ही तेव्हाच सेम्बावांगचा फ्लॅट सोडून काँडोत शिफ्ट होत होतो... स्कॅन आहेत म्हणून मी टाकून दिली. आणि स्कॅनमध्ये खालची रेघ क्रॉप झालीय, मी बघितलं."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, सभ्य नव्हते. ती उठली, डोळे पुसले, आणि मला जे ऐकायला हवे होते ते, वीस वर्षे उशिरा, ऐकवले. "काका, गोदीत त्या दिवशी बाबा बाहेर एकटे उभे होते. आईनं सांगितलंय मला. तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहिला नाहीत. आता माझ्यासमोर येऊन उभे राहताय?"

ती निघून गेली. तिचे म्हणणे खरे होते, पण त्यामुळे पुस्तिका खरी होत नव्हती.

मग मी देवांना गाठले आणि शुद्धिपत्र मागितले. मराठी पुस्तकात चूक राहिली की एक चिठ्ठी छापून आत घालतात, ही आपली जुनी, प्रामाणिक रीत. देव अनपेक्षितपणे लगेच तयार झाले. "बरोबर आहे काका तुमचं. बाकी कोणाला माहीतच नाही, तुम्हीच त्यांच्याबरोबर असायचात. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले अकरा पूल लिहून द्या, खाली तुमची सही करा, मी उद्या छापतो. 'या अकरांखेरीज इतर पानांवरील सही सजावटीपुरती', असं घालू."

मी जिंकलो होतो. घरी येऊन कागद पुढे घेतला. हॅलिफॅक्सचे दोन. तिथूनच एका सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहिलेला, प्रिन्स एडवर्ड बेटाला जोडणारा तो लांबच लांब पूल, ज्याच्या खांबांना बर्फ फोडणारे शंकू आहेत. टोरोंटोहून नायगाराकडे जाताना लागणारा बर्लिंग्टनचा स्कायवे. निपिगॉन. आणि त्याच बसप्रवासात एका थांब्यामागे ओढ्यावर असलेला, नाव नसलेला लाकडी पूल, ज्याच्या पानावर नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. सहा. या सहा पानांवरची सही मी डोळ्यांनी पाहिली होती. पुढे पेन चालेना.

दोन दिवस प्रयत्न केला. नायगाराला गेले होते, म्हणजे तिथला नदीवरचा कमानीचा पूल पाहिलाच असणार. टोरोंटोत महिनाभर होते, म्हणजे तिथले दोन तरी असणारच. निपिगॉनच्या वाटेवर मोठ्या नद्या लागतात, तिथे बस थांबलीच असेल. अशी पाच नावे सहज भरली असती आणि बहुधा बरोबरही निघाली असती. वीस वर्षे दर रविवारी तो माणूस शेजारी बसून मला आपली वही दाखवत होता, आणि मी कॉजवेवरची वाहने पाहत मान हलवत होतो.

देवांना फोन करून मी सांगितले, "सहा देतो."

"सहा? काका, वहीत अकरा सह्या होत्या असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत."

"सह्या अकराच. मला ठाऊक आहेत ते सहा."

"मग उरलेले अंदाजानं भरा ना. कोण तपासायला बसलंय? अर्धवट शुद्धिपत्र बरं दिसत नाही, कमिटी नाही म्हणेल."

"मी सही करणार नाही."

"काका, तुमच्यासाठीच करतोय हे. तुम्हीच अडून बसलात तर चूक तशीच राहील हो!"

"राहू द्या," मी म्हणालो.

चूक तशीच राहिली. प्रकाशन झाले, पुस्तिका घरोघर गेली, शंभर पूल पाहिलेला माणूस म्हणून कारखानिसांचे कौतुक झाले, आणि ज्यांनी गेल्या वर्षी त्यांना कॅनडा न पाहिलेला म्हटले होते तेच टाळ्या वाजवत होते. मी गेलो नाही. आपटे आडमुठा आहे, मित्राच्या गौरवात खोडा घालतो, असे आता बोलले जाते. त्याचे खंडन करण्यात मला रस नाही.

ज्यांच्या घरी ती पुस्तिका आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मनोहर कारखानिसांनी अकरा पूल पाहिले. त्यांपैकी सहा मी वर सांगितले आहेत. उरलेले पाच कोणते, ते मला माहीत नाही.